धागा: दरवर्षी लेवीयपाशी अडकतो. नेमानं बायबल वाचणारे, तुम्ही कसं जमवता?

कोरडवाहू | ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

सगळ्यांना सलाम.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. आठ एकर कोरडवाहू, दोन एकराला विहिरीचं ओलित. गावात आमची ख्रिस्ती घरं सात. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा येतात, बाकीचे रविवार कोणाच्या तरी ओसरीवर आम्हीच बसतो. आजोबांपासूनचं ख्रिस्ती घर. म्हणजे विश्वास मला वडिलोपार्जित वावरासारखा मिळाला. सातबाऱ्यावर नाव आहे, वाहिलं किती ते विचारू नका.

गेल्या महिन्यात टपरीवर एका दोस्तानं विचारलं (खोडी काढायला नाही, लहानपणापासूनचा दोस्त आहे), "काबे, तुमच्या बायबलात एकीकडं डोळ्याच्या बदल्यात डोळा हाये, आन् येशू म्हणते दुसरा गाल पुढं कर. मंग खरं कोनतं?" मी उरलेला चहा एका घोटात संपवला, "दोन्ही खरं" म्हणालो आणि खताचं दुकान बंद होईल म्हणून उठलो. दुकान नऊपर्यंत उघडं असतं. ते त्यालाही माहीत होतं.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. दर १ जानेवारीला मी नव्यानं सुरू करतो, रोज तीन अध्याय. पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचे ५०, दुसरं निर्गम, त्याचे ४०, की बरोबर महिन्याभरात तिसरं, नियमांचं पुस्तक लेवीय दारात उभं. कोणत्या जनावराची चरबी, कोणता चट्टा पांढरा, याजकानं किती दिवस कोंडून ठेवायचं. तेवढ्यात गव्हाचं पाणी येतं, रात्रीची लाइन असते, आणि पुस्तक पुन्हा कपाटावर.

तर दोन गोष्टी सांगा. नेम टिकवता कसा? आणि वाचून खरंच धीर येतो का, की नुसती माहिती वाढते?

सावजी_रस्सा | ९ फेब्रुवारी, रात्री ११:४१

लेवीयपाशी अडकणाऱ्यांचं मंडळ काढा राजेहो, मी आजीव सभासद. मिसरातून (इजिप्तमधून) दरवर्षी निघतो, वाळवंटातच फिरून राहिलो. इस्राएल लोकांना ४० वर्षं लागली, माझी १२ झाली.

मोझरीचा_रस्ता | १० फेब्रुवारी, सकाळी ६:०५

मी ख्रिस्ती नाही, पण नेमाबद्दल बोलू शकतो. आमच्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तुकडोजी महाराजांची ग्रामगीता वाचली जाते. ४१ अध्याय आहेत. माझे वडील म्हणायचे, वाचायची इच्छा झाली म्हणून येणारा चार दिवस येतो, घंटा वाजली म्हणून येणारा चाळीस वर्षं येतो. भाऊ, तुम्ही १ जानेवारी ठरवता, पण वेळ ठरवत नाही. घंटा कुठाय तुमची?

वरुडची_संत्री | १० फेब्रुवारी, सकाळी ९:३०

मोझरीभाऊंना शंभर टक्के अनुमोदन. आम्ही कॅथलिक. आमच्याकडे मिस्सातली (चर्चमधल्या उपासनेतली) वाचनं आधीच ठरलेली असतात, रविवारचं चक्र तीन वर्षांचं. एका वर्षी मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, दुसऱ्या वर्षी मार्कचं, तिसऱ्या वर्षी लूकचं. मी येत्या रविवारचं शुभवर्तमान सोमवारीच काढते आणि आठवडाभर तेवढंच. सोमवारी काहीच सापडत नाही. गुरुवारी भाकऱ्या थापताना एखादा शब्द अचानक टोचतो. रविवारी फादर प्रवचनात काय बोलणार याची मग मला उत्सुकता असते, आणि कधीकधी वाटतं की हे त्यांच्या नजरेतून सुटलं! (फादरना सांगू नका.)

सावजी_रस्सा | १० फेब्रुवारी, सकाळी ९:५२

ताई, तुमच्याकडे ७३ पुस्तकं, आमच्याकडे ६६. आम्हाला ६६ झेपत नाहीत, तुम्ही वरून सात घेतली!

वरुडची_संत्री | १० फेब्रुवारी, सकाळी ९:५८

संत्र्याचा भाव बरा आला की सातही पाठवते तुम्हाला, घरपोच.

निवृत्त_मास्तर | १० फेब्रुवारी, दुपारी ३:१५

कोरडवाहू, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. जरा लांबण लागेल, सहन करा.

माझे वडील यवतमाळला सेमिनरीच्या (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या) भोजनालयात कामाला होते. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळलाच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली, हे आजच्या पोरांना ठाऊकही नसतं. देशभरातून शिकायला आलेली मुलं संध्याकाळी भांडी घासता घासता वादविवाद करायची. वडील चौथी शिकलेले, पण ऐकून ऐकून त्यांनी एक रीत उचलली आणि तीच आम्हा भावंडांना लावली. उतारा वाचायचा आणि तीन प्रश्न, याच क्रमानं. इथं लिहिलंय काय? ज्यांना पहिल्यांदा लिहिलं त्यांना ते कसं लागलं असेल? आणि आता माझं काय? आम्ही पोरं थेट तिसऱ्यावर उडी मारायचो, की वडील लाटणं टेबलावर आपटायचे. "आधी काय लिहिलंय ते सांग. तुझं मन नंतर."

तुमच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, मास्तरकीची खोड. वाट दाखवतो. उत्पत्ति ४ मध्ये लामेख नावाचा एक माणूस आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो, ती वाचा. मग निर्गम २१. मग मत्तय ५. शेवटी मत्तय १८, येशूचा शिष्य पेत्र यानं किती वेळा क्षमा करू विचारलं ते. चारही ठिकाणचे आकडे एका कागदावर लिहा.

आणि रोज तीन अध्याय हा हिशेब सोडा. बायबलाच्या जुन्या करारात ९२९ अध्याय, नव्यात २६०. वर्षात संपवता येतात, नाही असं नाही, पण ते मैल मोजणं झालं. मार्कपासून धरा. सोळाच अध्याय. आणि एकट्यानं नको, ओसरीवर चार जण बसा.

नारायण वामन टिळकांचं पाहा ना. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. ते काही दुसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याला उभे राहिले नाहीत. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले, वाचलं, ताडून पाहिलं, पत्रव्यवहार केला. बाप्तिस्मा १८९५ साली. मधे जवळजवळ दोन वर्षं गेली. एवढ्या मोठ्या कवीला दोन वर्षं लागली तर तुम्हाला आम्हाला फेब्रुवारीत धाप लागणारच.

फक्त_विश्वास | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

मास्तर, आदर ठेवून सांगतो, पटलं नाही. अभ्यासानं डोकं फुगते, गुडघे झिजत नाहीत. आमच्या मंडळीत जास्त वाचलेलाच जास्त भांडते. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, तिच्याएवढा विश्वास मी आजवर पाहिला नाही. प्रार्थना करा, बाकी देवबाप्पा पाहून घेते.

ढगाखालची | १० फेब्रुवारी, रात्री ९:१०

दादा, अक्षर न येणारी आजी मलाही होती. पण "न शिकलेली" म्हणू नका हो.

उन्हाळ्यात आजी अंगणात चिंचा फोडायला बसायची. डाव्या हाताला टरफलं, उजवीकडे चिंचोके, मधे परातीत गर. मी समोर पवित्र शास्त्र घेऊन. रोज एक स्तोत्र मोठ्यानं. एकदा खेळायला जायची घाई होती म्हणून मी १२१व्या स्तोत्रातली एक ओळ खाल्ली. चिंच फोडायचा दगड तसाच वर राहिला. "थांब. 'तुझा पाय ढळू देणार नाही' कुठं गेलं? गिळलं का?" तिला ते पुस्तक उलटं धरलं तरी कळलं नसतं, पण आत सगळं सुलटं होतं. रोमकरांस पत्रात आहेच ना, विश्वास ऐकण्यानं होतो. ती ऐकून अभ्यास करायची, आपण मोबाइलवर वरखाली सरकवून करतो. कोणाचा पक्का?

बिरुया गावच्या लोकांचं कौतुक प्रेषितांच्या कृत्यांत १७व्या अध्यायात आहे. पौलासारखा ख्रिस्ताचा प्रेषित सांगून गेला तरी ते रोज शास्त्र काढून तपासायचे, हे असंच आहे का म्हणून. पौल रागावला नाही. आपले काही पाळक रागावतात.

फक्त_विश्वास | १० फेब्रुवारी, रात्री ९:३३

शेवटच्या वाक्याले मात्र दाद.

पुण्यातला_अकोलेकर | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर यिर्मया २९:११ पाठवणाऱ्या सगळ्यांनी कृपया एक वचन वर सरकावं. तुमच्यासाठी हिताचे संकल्प आहेत हे खरं, पण आधी सांगितलंय की बाबेलात ७० वर्षं काढायची आहेत. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं लिहिलेलं पत्र आहे ते, आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचं आयुष्य तिथंच संपणार होतं. घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात आहात त्याचं भलं मागा, असं ते पत्र आहे. माझ्या मेहुण्यानं ते नोकरीच्या मुलाखतीसाठी वापरलं. नोकरी लागली नाही तर देवावर रुसला. सत्तर वर्षं थांब म्हणालो तर माझ्यावर रुसला.

तूरडाळ | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

मला तर भाषेचीच अडचण येते. "खचित खचित" आणि "तुम्हांस" वाचलं की डोळे मिटायला लागतात.

ढगाखालची | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:४५

उलट आहे तूरडाळ! आपल्या शेतातले किती शब्द त्यात आहेत पाहा. मत्तय १३ मध्ये गव्हात शत्रू येऊन निदण पेरतो. पुण्याच्या एका बाईंनी मला निदण म्हणजे काय विचारलं. आपल्याकडे निंदणाला जाणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा म्हटलं. मालक म्हणतो आत्ताच उपटू नका, गहूही उपटला जाईल. ज्यानं वाकून निंदण केलंय त्यालाच कळतं की मालक किती बरोबर बोलतोय, मुळं एकमेकांत गेलेली असतात. येशूला पाहायला जक्कयही उंबरावर चढतो. त्यांचं झाड आणि आपला उंबर अगदी एक नाही, पण भाऊबंद आहेत, दोघांची फळं खोडाला लगडतात.

निवृत्त_मास्तर | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

सोप्या मराठीची ही ओढ जुनीच आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बसून अख्ख्या बायबलाचं भाषांतर केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. त्या १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. छपाईचं काम त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकामुलींनीच केलं. त्याच्याही आधी, १८११ मध्ये, विल्यम कॅरीच्या श्रीरामपुरातून मराठी नवा करार निघाला होता. ते बंगालमधलं श्रीरामपूर, नगर जिल्ह्यातलं नव्हे. वर्गात दरवर्षी एक पोरगा चुकायचा.

मुद्दाम_विचारतो | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

हे सगळं ठीक, पण गावात सात घरं कशी झाली, कोणी काय दिलं घेतलं, यावर कोणीच का बोलत नाही?

धागापाल | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:२५

त्या विषयाचे तीन धागे आहेत, तिन्ही मी रक्त आटवून कुलूपबंद केलेत. इथं वाचनाबद्दल बोला.

जागल्या | १२ फेब्रुवारी, रात्री १:५०

वावरातून लिहून राहिलो, चुका माफ. हरभऱ्यात रोही (नीलगाय) घुसते म्हणून जागलीवर हावो.

कोरडवाहूभाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगतो. धीर येते का?

२०१७ ची बोंडअळी तुम्हाला आठवत असनच. आमच्या सहा एकर पऱ्हाटीत (कपाशीत) बोंडं वरून हिरवीगार दिसे, फोडून पाह्यलं की आत गुलाबी अळी आन् सरकी पोखरलेली. माय बोंड फोडे, पाहे, फेके. फोडे, पाहे, फेके. एक अक्षर बोलत नव्हती. त्या साली मी चर्चले जाणं बंद केलं. साक्षीले उभं राहून लोकं म्हणत, देवानं अमुक दिलं, तमुक दिलं. मले वाटे, मी उभं राहून काय सांगू?

एका रात्री जागलीवर झोप येऊ नये म्हणून मोबाइलवर बायबल लावलं, ऐकायचं. कुठलं लागलं ते पाह्यलंबी नाही. हबक्कूक निघाला. असं एक पुस्तक हाये हेच मले माहीत नव्हतं. तीनच अध्याय. आन् तो माणूस पहिल्याच अध्यायात देवाशी भांडते! किती दिवस हाका मारू, तू ऐकतच नाही, म्हणते. म्या बॅटरी बंद केली आन् नीट ऐकलं. दुसऱ्या अध्यायाच्या सुरवातीलेच तो म्हणते का मी आता पहाऱ्यावर उभा राहतो, पाहतो देव काय जवाब देते. म्हणजे तोबी जागलीवरच होता नं बाप्पा! आन् शेवटी ते येते: अंजिराले फुल नाही, वेलाले द्राक्ष नाही, जैतून दगा देते, वावरात पीक नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात ढोर नाही, तरी मी देवात आनंद करीन. पऱ्हाटीचं नाव तेवढं त्या यादीत नव्हतं.

त्यानं आमचं कर्ज फिटलं नाही. ते अजून फेडून राहिलो. पण पुढच्या रविवारी गेलो. साक्षीले उभा राहिलो आन् तीच यादी म्हटली, शेवटी पऱ्हाटी जोडून. खाली बसलो त मागून एक म्हातारबा म्हणे, "तुरीचंबी नाव घ्याले पाह्यजे होतं."

माहिती म्हणा का धीर म्हणा. मले फरक सांगता येत नाही.

सावजी_रस्सा | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

यावर जोक सुचला नाही.

पुण्यातला_अकोलेकर | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:००

जागल्याभाऊ, साष्टांग. तरी खडा टाकतो. धीर येतो म्हणजे मनाची समजूतच ना? दुसऱ्या एखाद्या पुस्तकानंही आली असती.

मोझरीचा_रस्ता | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

अकोलेकर, आली असती कदाचित. पण दुसरं पुस्तक त्या रात्री जागलीवर नव्हतं. हे होतं. नेमाचा फायदा एवढाच असतो, की वेळ येते तेव्हा हाताशी काहीतरी असतं.

ढगाखालची | १२ फेब्रुवारी, दुपारी २:२०

कोरडवाहू, मूळ प्रश्नाकडे येते. मार्क धराच, पण लेवीयाला असं वाळीत टाकू नका. १९ वा अध्याय तेवढा वाचून पाहा, नवव्या वचनापासून. आणि तुमच्या आईला वाचून दाखवा. का ते सांगत नाही.

तूरडाळ | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

काढून पाहिला. ओहो!

कोरडवाहू | २९ मार्च, रात्री १०:०५

धागा वर काढतो. गव्हाची सोंगणी होती म्हणून उशीर.

मोझरीभाऊ, घंटा सापडली. संध्याकाळी साडेसातला आमच्या शेजारच्या देवळात आरतीची घंटा वाजते. तीच आमची. ती वाजली की आम्ही ओसरीवर बसतो. सुरुवातीला मी, बायको आणि चुलतभाऊ. आता शेजारची वहिनी येते, तिचा पोरगा येतो (तो मोबाइल चार्ज करायला येतो, पण बसतो). आठवड्याला मार्कचा जेमतेम एक अध्याय होतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर दोन आठवडे अडकलो, कारण चुलतभाऊ म्हणाला, हा कसा पेरणारा, वाटेवर आणि खडकावर बी टाकते? बियाण्याचा भाव माहीत नाही का याले? मास्तर, तुमचे तीन प्रश्न वापरले. लाटणं बायकोच्या हातात दिलंय.

ढगाखालच्या ताई, लेवीय १९ आईला वाचून दाखवला. पीक कापताना शेताच्या कडाकोपऱ्यापर्यंत कापू नको, सरवा (कापणीनंतर पडून राहिलेल्या ओंब्या) वेचू नको, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. आई गहू निवडत होती. सरवा म्हणताच हात थांबला. म्हणाली, "तुझा आजा धुऱ्याकडची एक पात सोडून दे. मी सून म्हणून नवीन आली तवा म्हटलं, एवढा गहू काऊन सोडला, तर म्हणे पुस्तकात हाये. कोनत्या पुस्तकात ते म्या कधी इचारलं नाही." मी चाळीस वर्षांचा झालो. दरवर्षी ज्या पुस्तकाला कंटाळून मिटवत होतो, ते आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लिहिलेलं होतं. आता हार्वेस्टर येतो, पार कडेपर्यंत कापतो. यंदा ड्रायव्हरला हात करून थांबवलं. त्याला वाटलं डिझेल सांडतंय.

मास्तर, आकडे मांडले. लामेखाचा सूड सत्त्याहत्तर पट. निर्गमात मोशेच्या नियमात एका डोळ्याला एकच डोळा, त्यावर नाही. येशूचं दुसरा गाल. आणि पेत्राला सांगितलं सत्तर वेळा सात, पण ती क्षमा. कागदावर लिहिल्यावर दिसलं की डोळ्याला डोळा हा सूड घ्यायचा हुकूम नव्हता, सुडाला घातलेला बांध होता, आणि येशू त्याच बाजूला आणखी पुढं गेला. बरोबर आहे का?

परवा टपरीवर दोस्ताला ते सांगितलं. या वेळी चहा गार होईपर्यंत बसलो. त्यानं वर आणखी दोन प्रश्न विचारले, एकाचं उत्तर आलं नाही. "माहीत नाही, पाहून सांगतो" म्हणालो. गंमत म्हणजे उठून पळावंसं वाटलं नाही.

त्याचा चुलतभावाशी धुऱ्याचा वाद चालू आहे हे गावाला ठाऊक आहे. बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "म्हणजे त्यानं माझा दोन फूट धुरा कोरला, तर म्या त्याचे चार सागवान तोडू नाही, असं म्हणते तुमचं पुस्तक?"

मी म्हटलं, चार तर नाहीच.

निवृत्त_मास्तर | २९ मार्च, रात्री १०:३०

बरोबर आहे. आता त्याच १९व्या अध्यायाचं अठरावं वचन वाचा, शेजाऱ्याबद्दलचं. येशूनं ते तिथूनच उचललं आहे. आणि ओसरीवर मार्क संपला की रूथ घ्या, सरव्याची पुढची गोष्ट तिथं आहे. चारच अध्याय.

जागल्या | २९ मार्च, रात्री ११:५५

सागवान वाचले का पण?

कोरडवाहू | ३० मार्च, सकाळी ६:१०

आज सकाळपर्यंत उभे आहेत.